अर्थिंगचा खड्डा

बनारसमध्ये मी कॉम्प्युटर दुरुस्तीसाठी घरोघरी जायला लागले तेव्हा दार उघडणारा माणूस आधी माझ्या मागे बघायचा. "मिस्त्री कहाँ हैं?" मी हातातली पेटी वर करून दाखवायची. मग तो पेटीकडे बघायचा, माझ्या साडीकडे बघायचा आणि आत जाऊन सांगायचा, "दुकान से कोई लड़की आयी है." पुढे माझं लग्न झालं, मुलं झाली, केस पिकले, तरी मी दुकानातून आलेली लड़कीच राहिले.

माझे वडील रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आले आणि इथलेच झाले. आमची मराठी उंबऱ्याच्या आतली. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, लहुराबीरच्या एका दुकानात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. बाकी माझ्या नोकरीत सांगण्यासारखं काही नाही. जे आहे ते लोकांच्या घरांमधलं आहे.

माझा हात बसला होता तो पडद्यांवर. तेव्हाचे मॉनिटर म्हणजे काचेच्या नळीचे, पेटाऱ्याएवढे. उचलायला दोन माणसं लागायची. तक्रार बहुतेक एकच असे, "तस्वीर काँपती है." तस्वीर थरथरली की लोकांना वाटतं मॉनिटर बिघडला. पण बहुतेक वेळा तो बिचारा निर्दोष असतो. त्याच्या आसपास काहीतरी चाललेलं असतं, ते तो दाखवतो.

चौखंब्याला एक ज्योतिषीबुवा होते. कॉम्प्युटरवर पत्रिका काढत. त्यांच्या पडद्याचा एक कोपरा जांभळा झाला होता. मला म्हणाले, "शनि की दृष्टि है बेटी, मैंने देख लिया है." मी टेबलावरचा लाल कपडा उचलला तर खाली भजनाचा मोठा स्पीकर. त्यातल्या लोहचुंबकानं रंग ओढले होते. स्पीकर लांब नेऊन ठेवला आणि थोड्या वेळानं कोपरा पांढरा झाला. बुवा पुढे कितीतरी दिवस गिऱ्हाइकांना सांगत होते की त्या मराठी मुलीच्या हाताला शनि घाबरतो. दुकानाला त्यातून बरीच कामं मिळाली.

दुसरे एक साडीवाले शेठ. त्यांचा पडदा दुपारीच तेवढा हलायचा. भिंतीपलीकडे आटाचक्की होती, तिची मोटर दुपारी चालायची. टेबल समोरच्या भिंतीला लावा म्हटलं तर शेठ म्हणाले, "गद्दी का मुँह उत्तर को ही रहेगा." तेव्हा गादी उत्तरेलाच राहिली आणि पडदा शेठनी दुकान कायमचं बंद करेपर्यंत रोज दुपारी हलत राहिला.

अशा हसण्यासारख्या आठवणी पुष्कळ आहेत. पण दिवाळी अंकासाठी लिहा असं संपादकांचं पत्र आलं तेव्हा सगळ्यात आधी जे घर डोळ्यांपुढे आलं, ते हसण्याचं नव्हतं.

संकठा घाटाकडे उतरणाऱ्या एका गल्लीत आठल्ये राहत. भास्करराव आठल्ये इंटर कॉलेजात संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. घर दुमजली. वरच्या मजल्यावर भास्करराव आणि इंदूकाकू, खालच्या मजल्यावर भास्कररावांचे धाकटे भाऊ नाना. मुलगा मिलिंद अमेरिकेत. ही नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. लॅपटॉप बनारसमध्ये नवलाची वस्तू होती.

भास्कररावांना एक वाईट आजार झाला होता. शरीरातले स्नायू एकामागून एक निकामी होत जातात आणि बुद्धी मात्र शेवटपर्यंत लख्ख राहते. पाय गेले, हात गेले, मग जीभ गेली. उजव्या हाताची तर्जनी तेवढी हलत होती. तेव्हा मिलिंद रजा काढून आला. येताना त्यानं लॅपटॉप आणला आणि त्यात स्वतः लिहिलेला एक प्रोग्रॅम. पडद्यावर सगळी वर्णमाला ओळींनी मांडलेली. एकेक ओळ आपोआप उजळत जायची. हवी ती ओळ उजळली की भास्कररावांनी बोटाखालचं बटण दाबायचं. मग त्या ओळीतलं एकेक अक्षर उजळायचं, पुन्हा बटण. मग काना, मात्रा, अनुस्वार. असं करत शब्द जुळायचा आणि खालच्या पट्टीत उमटायचा.

लॅपटॉपचा स्वतःचा पडदा लहान होता, आणि तेव्हाचे ते पडदे अगदी समोरून पाहिले तरच दिसत. भास्कररावांची मान वळत नव्हती. काकूंच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. म्हणून मिलिंदनं आमच्या दुकानातून एक मोठा मॉनिटर घेतला, पलंगाच्या पायथ्याशी उंच टेबलावर ठेवला, लॅपटॉपला जोडला आणि रजा संपली तसा परत गेला. तो गेल्यावर चित्र बिघडलं. म्हणजे आधीही ते फार चांगलं नव्हतं, पण तो होता तोवर तोच बापाच्या डोळ्यांकडे बघून अर्धं ओळखायचा.

दुकानात काकूंचा फोन आला. गुप्ताजी, आमचे मालक, म्हणाले, "सुधाजी, आपके देस के लोग हैं, आप ही जाइए."

काकूंनी दार उघडलं आणि त्या माझ्या मागे बघायला विसरल्या. "मराठी बोलतेस ना गं? बरं झालं बाई. हे सगळं हिंदीत समजावून सांगायचं म्हणजे मला रडूच येतं."

पडदा पाहिला. अक्षरांच्या मागे सावल्या पडल्या होत्या. सगळी वर्णमाला थंडी वाजल्यासारखी हलत होती आणि एक करडा पट्टा खालून वर सरकत होता. तो ज्या ओळीवरून जाई ती ओळ उजळली आहे की नाही, हेच कळत नव्हतं. खालच्या पट्टीत कसलीतरी निरर्थक अक्षरं पडली होती. काकू म्हणाल्या, "सकाळपासून हे असंच चाललंय. दोनचार वेळा चुकलं की ते डोळे मिटून घेतात. मग दिवसभर उघडत नाहीत."

भास्करराव उशांना टेकून पडले होते. गोरा, रेखीव चेहरा, दाढी काकूंनी नीट केलेली. ते माझ्याकडे पाहत होते. इतकं नीट पाहणारा पेशंट मी आधी पाहिला नव्हता.

न कळणाऱ्यांसाठी थोडं सांगते. त्या काळी लॅपटॉपमधून मॉनिटरकडे चित्र जायचं ते विजेच्या चढउताराच्या रूपात, एका केबलमधून. पाटातून पाणी जावं तसं. त्याच वाटेनं दुसरी कसली वीज घुसली की चित्र गढूळ होतं. चित्र जेवढं बारीक ठिपक्यांचं, म्हणजे ज्याला रिझोल्यूशन जास्त म्हणतात, तेवढं ते लवकर गढूळतं. मी ठिपके मोठे करून पाहिले. थरथर कमी झाली, पण वर्णमाला पडद्यावर मावेना. शेवटच्या ओळी आणि काना-मात्रा खाली गडप झाल्या. तेव्हा बारीक ठिपक्यांवाचून गत्यंतर नव्हतं.

मिलिंदनं केबल टेबलापर्यंत पुरावी म्हणून बाजारातून एक स्वस्तातला जोड आणला होता. त्याच्या आत बाहेरची वीज अडवणारी तारेची जाळीच नव्हती. मी दुकानातली जाड, लांब केबल लावली. सावल्या गेल्या. पट्टा राहिला. मग मी लॅपटॉपच्या चार्जरचा प्लग भिंतीतून उपटला, आणि पट्टा एका क्षणात नाहीसा झाला. लॅपटॉप बॅटरीवर चालू होता आणि वर्णमाला पाटीवर लिहिल्यासारखी स्थिर उभी होती.

"अगोबाई!" काकू म्हणाल्या.

भास्कररावांचं बोट हललं. आम्ही दोघी पडद्याकडे बघत उभ्या राहिलो. एकेक ओळ उजळत होती, एकेक अक्षर उतरत होतं. खालच्या पट्टीत जुळलं ते असं:

बटण चावतं.

"बटण चावतं? म्हणजे काय हो?" काकूंनी विचारलं.

माझ्या लक्षात आलं. मी चार्जर परत लावला आणि बटणाच्या डबीच्या लोखंडी कडेला बोटाची मागची बाजू लावली. मुंग्या आल्या. बारीक, पण एकसारख्या. डबी लॅपटॉपला जोडलेली, लॅपटॉप चार्जरला, आणि चार्जरमधून पाझरणारी थोडी वीज जमिनीत जायला वाट नसल्यामुळे त्या कडेवर येऊन बसत होती. निरोगी माणूस हात झटकतो. यांना झटकता येत नव्हता. आणि ज्या बोटाला चावत होतं त्याच बोटानं ते सांगायचं होतं.

मी काकूंना समजावलं. त्या नवऱ्याकडे वळल्या, "अहो, इतके दिवस? मग..." मग सांगायचं नाही का, असं त्या म्हणणार होत्या. वाक्य अर्ध्यावर राहिलं. त्यांनी ते बोट आपल्या पदरात घेतलं आणि चोळत बसल्या.

दुसऱ्याच दिवशी मी प्लास्टिकच्या डबीतलं बटण बसवून दिलं. पण पट्ट्याचा प्रश्न सुटला नव्हता. बॅटरीवर चित्र स्वच्छ, पण बॅटरी तासभर चालली तर खूप. मग ती भरायला लावायची आणि तोवर गप्प राहायचं. काकूंनी बोलण्याच्या वेळा ठरवून टाकल्या. आंघोळीनंतर थोडं, दुपारच्या चहानंतर थोडं. वीज गेली तर तेही नाही.

"काय बोलतात?" मी एकदा विचारलं.

"काय बोलणार! भांडतात. काल म्हणाले, आमटीत हिंग जास्त. नुसत्या वासावरनं. मी म्हटलं, तुमचं सगळं नळीतून, खाणारी मी एकटी, तुम्हाला काय करायचंय? तर अख्खा अर्धा तास खर्चून मला सुनावलं की स्वयंपाक एकट्यासाठी असला तरी नीट करावा." काकू हसत होत्या. तसं हसू मी त्या घरात फार वेळा पाहिलं नाही.

खरा इलाज एकच होता, अर्थिंग. प्लगला जी तिसरी जाड पिन असते ती वाया गेलेली वीज जमिनीत नेऊन सोडण्यासाठी. त्या घरात पलंगाजवळच्या बोर्डाचं तिसरं भोक रिकामंच होतं, आणि मॉनिटरच्या बोर्डाची तार कोणी पाण्याच्या नळाला गुंडाळून ठेवली होती. त्याच नळावर खाली नानांची पाणी ओढायची मोटर. म्हणून लॅपटॉप आणि मॉनिटर यांच्यातल्या केबलमधून ही सगळी भटकी वीज वाट काढत होती. पुष्कळ मिस्त्री अशा वेळी ती तिसरी पिन कापून टाकतात. चित्र सुधारतं. पण उद्या कशात बिघाड झाला तर जो माणूस हात मागे घेऊ शकत नाही त्याच्या बोटाशी मी ते करणार नव्हते.

अर्थिंगसाठी जमिनीत खोल खड्डा लागतो. त्यात तांब्याची पट्टी, भोवती कोळसा आणि मीठ, वरून रोज पाणी. आणि त्या गल्लीत माती कुठे होती? सगळीकडे दगडी फरशी, खाली गटारं. त्या घराला माती होती ती एवढीच, मागच्या बाजूला अंगणाचा एक तुकडा. तो वाटणीत नानांकडे गेलेला.

"मग राहू दे," काकू पटकन म्हणाल्या. "बॅटरीवर चालवू."

"का? नानांना विचारू की."

"आमचं बोलणं नाही."

हळूहळू कळलं ते असं. नाना बँकेत होते. बँकेतच ओळख होऊन त्यांनी इथल्याच एका बंगाली मुलीशी लग्न केलं, कल्याणी तिचं नाव. भास्करराव लग्नाला गेले नाहीत. त्या घरात मासे शिजतात म्हणून जिन्याला दार बसवलं आणि कडी वरून घातली. एकाच घरात वर-खाली राहून कल्याणीच्या हातचं पाणीही या घरात कोणी प्यालं नाही. मूलबाळ झालं नाही. काही वर्षांपूर्वी ती आजारी पडून गेली, त्या दिवशीही भास्करराव खाली उतरले नाहीत. तेव्हा त्यांचे पाय चांगले होते.

मला या सगळ्यात पडायचं नव्हतं. मी कॉम्प्युटरवाली. पण खड्ड्यावाचून काम होणार नव्हतं, म्हणून मी गल्लीतून वळसा घालून खालचं दार ठोकलं.

नाना मागच्या अंगणात उन्हात बसले होते. भावासारखाच चेहरा, पण सुरकुतलेला. मी काय हवं ते सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे दादाला बोलायचंय," ते म्हणाले.

"हो."

"इतकी वर्षं जीभ होती मुली, धडधाकट जीभ. तेव्हा एक शब्द बोलला नाही. आता त्याला बोलता यावं म्हणून मी माझं अंगण खोदून देऊ?" ते उठले. "नाही जमणार. जाऊन सांग."

मी वर जाऊन नुसतं "ते नको म्हणतात" एवढंच सांगितलं. पण भास्कररावांना कळायचं ते कळलं असावं. बॅटरी भरलेली होती. त्यांनी बटण दाबलं नाही.

नंतर काही दिवसांनी गेले तेव्हा त्यांचं बोट मंदावल्याचं मला जाणवलं. ओळ उजळून पुढे जाई आणि बटण मागाहून दाबलं जाई. मी प्रोग्रॅमचा वेग कमी करून दिला. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग ओल्या हातांनी तशाच जिन्याकडे गेल्या, कडी काढली आणि खाली उतरल्या. कडी गंजली होती, ती निघताना मोठा आवाज झाला. मी अर्ध्या जिन्यात थांबले.

"भावजी," काकूंचा आवाज आला, "कल्याणी गेली त्या दिवशी मी खाली आले नाही. त्यांनी अडवलं असं सगळ्यांना सांगत आले. त्यांनी नाही अडवलं. माझीच हिंमत झाली नाही."

खाली अंगणाकडचं दार उघडल्याचा आवाज आला.

मग नाना म्हणाले, "ते लिंबाचं झाड तिनं लावलंय, वहिनी. त्याच्या मुळांना धक्का लागता कामा नये."

खड्डा खणायला रामसूरत आला. आमच्या दुकानाची असली कामं तोच करायचा. पहारीनं ठोकून बघत म्हणाला, "बहिनजी, नीचे त पत्थरे पत्थर हौ." कसाबसा लिंबापासून लांबच्या कोपऱ्यात खड्डा खोल गेला. मीठ घातलं असतं तर झाड जळालं असतं, म्हणून मी नुसता कोळसा भरला आणि नानांना सांगितलं, मीठ नाही तेव्हा माती सुकू देऊ नका, रोज पाणी घालावं लागेल. "घालीन," ते म्हणाले. तिथून जाड तार भिंतीवरून वर नेली, दोन्ही बोर्डांना जोडली आणि नळाला गुंडाळलेली तार सोडवून फेकून दिली.

खोदकाम आणि तारांचं काम चाललं तेवढे दिवस लॅपटॉप बंदच होता. आता सगळं लावलं. चार्जर भिंतीत, मॉनिटर भिंतीत. पडदा स्वच्छ. मी जिन्यातून ओरडले, "नाना, मोटर चालू करा!" खाली मोटर घरघरली. पडद्यावरची एक रेघसुद्धा हलली नाही. माझ्या कामात असे क्षण थोडे येतात. मला इतका आनंद झाला की मी काकूंचा हातच धरला.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. नाना दारात येऊन उभे राहिले होते.

"मोटर लावली," ते कोणाकडेही न बघता म्हणाले. "फरक पडतो का बघायला आलो."

भास्कररावांनी त्यांना पाहिलं. पडद्यावर ओळी उजळत होत्या. क ख ग घ. च छ ज झ. नाना पडद्याकडे बघत होते, काकू नवऱ्याकडे.

"दादा," नाना म्हणाले, "बोल. ऐकतोय मी."

ओळी वरून खाली गेल्या. पुन्हा वरून सुरू झाल्या. बटण दाबलं गेलं नाही. खाली मोटर चालूच होती. वर्णमाला कितीदा फिरून आली कोणास ठाऊक. नानांचा चेहरा हळूहळू मिटत गेला.

"अजून राग आहे त्याला," ते काकूंना म्हणाले. "असू दे. मी काही मागायला आलो नव्हतो." आणि ते खाली निघून गेले. मोटर बंद झाली.

काकू पलंगाकडे वळल्या. "काय हे! एवढा आला होता तो. एक शब्द तरी बोलायचा!"

मी बटणाची डबी उचलली. माणसं भांडली, रडली, तरी माझा हात आधी वस्तूकडे जातो, सवय आहे. मी बटण दाबलं, ओळ निवडली गेली. वायर हलवून पाहिली, ठीक. डबी परत त्यांच्या बोटाखाली नीट ठेवली आणि म्हटलं, "काका, दाबा." काही झालं नाही. मग मी डबी काढून तिथे माझं बोट ठेवलं, त्यांच्या बोटाखाली. "काका, माझं बोट दाबा."

ते माझ्याकडे बघत होते. डोळे भरून वाहत होते आणि ते पुसता येत नव्हते. माझ्या बोटावर काही आलं नाही. अगदी काहीच नाही.

यंत्र ठीक होतं. तार ठीक होती. चित्र तर त्या घरात कधी नव्हतं इतकं चांगलं होतं.

"काकू," मी म्हटलं, "बोट गेलंय."

काकूंना कळायला एक क्षण लागला. मग त्या जिन्याकडे धावल्या. त्यांना मी कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. "भावजी! वर या! राग नाहीये हो! बोट गेलंय त्यांचं, बोट!"

नाना आले. दम लागला होता. मी त्यांच्या हातात बटण दिलं आणि भास्कररावांना विचारलं, "काका, पापणी मिटता येते?" त्यांनी मिटून दाखवली. "मग हवी ती ओळ आली की डोळे मिटा. नाना दाबतील."

नाना पलंगाच्या पायथ्याशी एका कडेला उभे राहिले, पाठ पडद्याकडे, नजर भावाच्या डोळ्यांवर. पडदा मी वाचत होते. पापणी मिटली, नानांनी बटण दाबलं. प फ ब भ म. पुन्हा पापणी. ब. मग खूप वेळानं दुसरं अक्षर. स.

"'बस' आलंय," मी म्हटलं.

"बस?" नानांनी वळून पडद्याकडे पाहिलं. "म्हणजे, पुरे?" आम्हा काशीकरांच्या तोंडी हिंदी इतकी बसलेली की त्यांना तोच अर्थ आधी सुचला.

"काहीतरीच काय भावजी," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "उभे आहात म्हणून. बस म्हणतायत तुम्हाला."

त्या खोलीत पाहुण्यांसाठी खुर्ची नव्हती. नाना पलंगाच्या कडेवर, भावाच्या पायांशी बसले.

त्यानंतर माझं तिथलं काम संपलं होतं. तरी मी मधून मधून जात राहिले. केबल बघायची, असं निमित्त सांगून. जिन्याच्या दाराची कडी काढली ती परत लागली नाही. नाना रोज सकाळी अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालून वर येत आणि बटण घेऊन बसत. पापणीनं बोलायला फार वेळ लागतो. भास्करराव दिवसात दोनतीन शब्दच बोलत. काकूंनी मला सांगितलं की एके दिवशी त्यांनी सबंध सकाळ घेऊन एक वाक्य जुळवलं: कल्याणी कशी होती.

नाना त्या दिवशी बटण ठेवून खाली गेले. दुसऱ्या दिवशी आले आणि सांगायला लागले.

मी एकदा त्यातलं थोडं ऐकलं. ती पहिल्यांदा बँकेत आली तेव्हा तिच्या हाताला शाई लागली होती. तिला हसू आलं की ती तोंडावर पदर न घेता मान फिरवायची. तिच्या आईला हा मराठी मुलगा पसंत नव्हता. माशाशिवाय जेवणारा जावई तो काय जावई! नाना अगदी सावकाश सांगत होते, काही गाळत नव्हते. भास्करराव डोळे उघडे ठेवून ऐकत होते.

"तिला 'ळ' म्हणता यायचा नाही," नाना मधेच काकूंना म्हणाले. "बाळला बाल म्हणायची. मराठी ती तुमच्याकडूनच शिकली, वहिनी. वरून तुमचा आवाज यायचा ना, ती खाली भाजी चिरता चिरता तुमच्यामागून म्हणून बघायची."

काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या. 

पुढे पापण्याही जड झाल्या. मिटल्या तर मुद्दाम मिटल्यात की आपोआप, ते कळेना. नानांनी बटण बाजूला ठेवलं, पण सांगणं थांबवलं नाही. ऐकू येतं का, कोणाला ठाऊक. डॉक्टर म्हणाले, येत असावं.

थंडी ओसरत असताना भास्करराव गेले. मला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. तेरावा झाल्यावर काकूंनी लॅपटॉप नीट बांधून द्यायला मला बोलावलं. मिलिंद आला होता, तो परत नेणार होता. मी केबल काढली, मॉनिटर बंद केला. खड्डा आठवडाभर आधी झाला असता तर दोघा भावांना त्या बोटाचे काही दिवस तरी मिळाले असते, हा विचार तेव्हा मनात आला आणि अजूनही येतो. त्यात कोणाची चूक होती असं नाही. तरी येतो.

पलंगावरची गादी गुंडाळून ठेवली होती. उघड्या फळ्यांच्या कडेवर नाना बसले होते. मी निघताना त्यांच्यापाशी थांबले. म्हटलं, "नाना, निदान तुमचं बोलणं झालं."

त्यांनी मान हलवली.

"कुठे झालं," ते म्हणाले. "अजून आमच्या लग्नापर्यंतच आलो होतो."